ढेकळं फोडणाऱ्या यंत्राची गोष्ट

आपल्या लाइनमध्ये इंटरव्ह्यू दिलेल्या प्रत्येकाला एकदा तरी पॅलिंड्रोमचा प्रोग्रॅम लिहावा लागलाय. उलटा वाचला तरी तोच राहणारा शब्द ओळखायचा. उदाहरण म्हणून सगळे 'मॅडम' नाहीतर 'लेव्हल' देतात. मी यापुढे 'रोटाव्हेटर' देणार आहे. इंग्रजी स्पेलिंग लिहून बघा, नऊ अक्षरं, दोन्हीकडून तीच! :) हे नाव मुळात एका कंपनीचा ट्रेडमार्क होता. आता आपल्याकडे कुठल्याही गावात, कुठल्याही कंपनीचं मशिन असलं तरी लोक रोटाव्हेटरच म्हणतात. काही ठिकाणी तर नुसतं 'रोटर मारला' एवढंच.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे मे महिन्यात गावी गेलो होतो. वळवाचा एक पाऊस होऊन गेला होता आणि अण्णा (माझे मोठे चुलते) ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडत होते. मी मदतीला गेलो. मदत म्हणजे पाना हातात देणे. पण जोडताना एकेक गोष्ट ते ज्या काळजीने बघत होते, ते पाहून वाटलं की हे तर एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जसारखं आहे. प्रत्येक सेटिंगच्या मागे कुणाला तरी कधीतरी आलेला एक बग आहे. मग शहरात परत आल्यावर वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड, जन्म १८९३. न्यू साउथ वेल्समध्ये गिलगान्द्रा इथे त्याच्या वडिलांची शेती. १९१२ मध्ये, म्हणजे धड विशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा, या पोराने वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून ताकद घेतली आणि मातीत पाती गरागरा फिरवून बघितली. डोक्यातला विचार साधा होता. नांगर म्हणजे ओढायची वस्तू. ओढणारा जेवढा जड तेवढी खालची माती दाबली जाणार. एकीकडे माती मोकळी करायची आणि दुसरीकडे तीच दाबायची, याला काय अर्थ? त्यापेक्षा इंजिनाची ताकद चाकांतून न नेता सरळ पात्यांनाच द्यावी.

प्रयोग चालला, पण माती बाजूला उडायला लागली. सपाट रान करायला जावं आणि चर पडावेत असा प्रकार. यावर त्याने काढलेला तोडगा आजही प्रत्येक मशिनखाली वाकून बघितलं तर दिसतो. पातं इंग्रजी 'एल' अक्षरासारखं वाकवायचं, दांड्याचा घेर लहान ठेवायचा आणि ज्या चकत्यांवर पाती बसतात त्या एकमेकींपासून लांब लावायच्या. शंभर वर्षांत रंग बदलले, गिअरबॉक्स बदलले, 'एल' तसाच आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि सगळं थांबलं. एव्हरार्ड मॅक्लिअरी नावाच्या सोबत्याबरोबर सुरू केलेली कंपनीही तिथेच राहिली. १९१९ मध्ये हॉवर्ड ऑस्ट्रेलियात परतला, १९२० मध्ये पेटंट घेतलं, १९२२ मध्ये पुन्हा कंपनी काढली. १९२८ मध्ये तर पठ्ठ्याने 'डीएच २२' नावाचा स्वतःचा ट्रॅक्टरच बाजारात आणला. पुढे मागणी एवढी वाढली की १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात 'रोटरी होज' ही कंपनी उभी राहिली.

याच सुमारास युरोपात एक वेगळी शाखा चालू होती. कोनराड फॉन मेयेनबुर्ग हा स्वित्झर्लंडचा गृहस्थ. त्याचं यंत्र जर्मनीत सीमेन्सने बनवलं. त्याच्या पात्यांऐवजी स्प्रिंगवर बसवलेले आकडे होते, दगड लागला तर मागे झुकणारे. अमेरिकेत 'रोटोटिलर' म्हणतात तो या घराण्यातला. बागेसाठी झकास. आपल्या काळ्या रानातल्या ढेकळांपुढे मात्र हॉवर्डचा 'एल'च लागतो असं माझं मत.

आता जोडणीकडे येतो. हॉवर्डचं यंत्र साध्या ट्रॅक्टरमागे लागायला अजून दोन गोष्टी हव्या होत्या. एक पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला फिरता दांडा. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१८ च्या सुमारास तो ट्रॅक्टरवर द्यायला सुरुवात केली. दुसरी हॅरी फर्ग्युसनची तीन टोकांची जोडणी. ती १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आली आणि १९३९ च्या फोर्डवर जगभर गेली. खालचे दोन हात, वरचा एक. अण्णा आधी खालचे दोन्ही हात सारख्या उंचीवर आहेत का ते बघतात, मग वरचा फिरवून मशिन आडवं सपाट करतात.

मग जोडदांडा. तो एकात एक सरकणाऱ्या दोन तुकड्यांचा असतो. लांब झाला तर मशिन वर-खाली होताना गिअरबॉक्सवर दणका, आखूड झाला तर चालताना निसटून हाणणार. आणि दोन्ही टोकांना जे सांधे असतात ते १७ व्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखले जातात. तोच, स्प्रिंगच्या नियमवाला. या सांध्याची खोड अशी की दांडा तिरका असला की एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो. दोन्ही टोकांच्या आतल्या कानांची दिशा एक ठेवली तर एकाची चूक दुसरा खोडून काढतो. मी हे मेकॅनिक्सच्या पेपरला लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण अण्णांनी डोळ्याने कान जुळवले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्याचा उपयोग काय.

मशिनजवळ जाण्याआधी अण्णांनी गळ्यातलं उपरणं काढून सीटवर ठेवलं. पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे. म्हणजे सेकंदाला ९. एक सुटलेला धागा पकडला गेला तर 'अरे' म्हणायच्या आत माणूस आत. दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं की बरेच लोक फेकून देतात. अण्णांनी नवीन आणून लावलंय.

थोडं गणित करतो, सहन करा. गिअरबॉक्समधून पात्यांपर्यंत येईतो वेग साधारण २०० फेऱ्यांवर येतो. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने गेला तर मिनिटाला ५० मीटर, म्हणजे एका फेऱ्यात २५ सेंटिमीटर. एका चकतीवर सहा पाती, तीन डाव्या तोंडाची, तीन उजव्या. मग प्रत्येक पात्याच्या वाट्याला आठेक सेंटिमीटरचा घास. वेग ताशी २ वर आणला तर साडेपाच. म्हणजे माती किती बारीक हवी ते ट्रॅक्टरच्या गिअरवर ठरतं, जोर लावण्यावर नाही. पात्याचं टोक ताशी १८-१९ किलोमीटरने मागे माती फेकत असतं, त्यामुळे मशिन उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. बैलाला कुणी मागून ढकलतंय अशी कल्पना करा! खोली बाजूच्या घसरपट्ट्यांवर ठरते आणि मागची फळी खाली पाडली की उडालेली ढेकळं तिच्यावर आपटून अजून फुटतात.

सगळं झाल्यावर अण्णांनी मूठभर माती उचलली, गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. फुटला. "वापसा आलाय. चिकटली असती तर आज मशिन काढलंच नसतं." मी विचारलं का. ते काही बोलले नाहीत, घरातून एक सळई घेऊन आले. शेजारच्या तुकड्यात, जिथे पाच-सहा वर्षं नांगरट न करता नुसता रोटर मारला गेला होता, तिथे ती दाबायला सांगितली. वीतभर लोण्यासारखी गेली आणि मग टण्ण. पूर्ण वजन टाकलं तरी पुढे जाईना.

इथे मला हॉवर्डची गंमत वाटली, आणि वाईटही. खालची माती दाबली जाऊ नये म्हणून त्याने हे यंत्र केलं. पण 'एल'चा आडवा पाय दरवर्षी त्याच खोलीवर, ओल्या चिकण मातीवर फिरत राहिला की तिथे गिलावा केल्यासारखा थर बसतो. पाणी खाली मुरत नाही, मुळं आडवी पसरतात. वरून रान असं दिसतं की बघत राहावं. शिवाय हरळीचे तुकडे करून हे यंत्र तिची लागवडच करून देतं, ते वेगळंच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीला विष लागतं असा समज होता, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. आपण शाळेत असताना त्यावर हसलो होतो. आता वाटतं, विषाचं कारण चुकीचं होतं, पण नवीन अवजार जमिनीचं काय करेल हे विचारणारा माणूस काही वेडा नव्हता. रोटाव्हेटर आला तेव्हा हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. एका दिवसात रान तयार होतं म्हटल्यावर कोण विचारणार? मजूर मिळत नाहीत, बैलजोडी पोसणं परवडत नाही, भाड्याचा ट्रॅक्टर आज आहे, उद्या नाही. मी अण्णांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही फक्त घराजवळचा तुकडा केला. सळई अडकली तो तुकडा अण्णांनी तसाच ठेवला. रात्री जेवताना चुलत भावाला म्हणाले, "पल्टी नांगरवाल्याला फोन लाव. एकदा खोल घालून घेऊ, मग बघू रोटरचं."

भाऊ म्हणाला, "डिझेलचा भाव बघितला का अण्णा?"

"बघितला," अण्णा म्हणाले आणि अजून एक भाकरी मागितली.