प्रायव्हेटची फी वसूल होते का? पुण्यातला एक जुना प्रश्न

पेटचा निकाल लागला की मला ठरलेले फोन येतात. ‘ताई, सरकारी विद्यापीठात गाइडकडे जागाच नाही. प्रायव्हेटला मिळतेय, पण फीचा आकडा ऐकून घरचे गप्प झालेत. घेऊ का?’ आधीच आत असलेल्यांना विचारावं तर मतं दोन टोकांची. एक ज्युनिअर सांगतो, आमच्याकडे दोन दिवसांत सॅम्पल लागतं, बाहेर महिनाभर नंबर आला नसता, फी वसूल. दुसरी म्हणते, लॅब बघून आले, गाइड वर्षभरात नोकरी सोडून गेले. आता फी पण भरतेय आणि गाइड पण शोधतेय. दोघंही खरंच बोलतायत.

मी रसायनशास्त्रवाली, इतिहासात माझी गती बेताची. पण पुण्यात हा प्रश्न नेमका कधीपासून आहे, हे शोधायला बसले आणि वाटलं, आपण प्रश्न अर्धाच विचारतो. ‘खर्च किती?’ एवढंच विचारतो. ‘हा खर्च कोणी उचलायचा?’ हे विचारत नाही. आणि पुण्यात याचं उत्तर दर काही दशकांनी बदललंय.

१८८० साली चिपळूणकर, टिळक आणि नामजोशींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकर पाठोपाठ आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. हे आजच्या भाषेत ‘प्रायव्हेट’च. पण तिथल्या आजीव सदस्यांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं कबूल केलेलं. सरकारी नोकरीत त्यांना सहज जास्त मिळालं असतं. म्हणजे स्वस्त शिक्षणाचा मोठा भार मास्तर स्वतःच्या पगारातून उचलत होते. हे सोपं नव्हतं हं. बाहेरची कामं आणि बाहेरची मिळकत यावरून आतच भांडणं पेटली आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. आगरकर प्राचार्य असतानाच १८९५ साली गेले, वय अवघं ३८.

फर्ग्युसनच्या मुलांना एक चिंता मात्र नव्हती: परीक्षा आणि पदवी मुंबई विद्यापीठाची. कॉलेज खासगी, पण शिक्का सरकारमान्य. तो शिक्काच नसेल तर काय, हा प्रश्न आला १९१६ मध्ये. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेल्या धोंडो केशव कर्व्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून पुण्यात भारतवर्षीय महिला विद्यापीठ काढलं. शिक्षण मातृभाषेतून, अभ्यासक्रम स्वतःचा, पदवीही स्वतःची: गृहीतागमा, म्हणजे जी.ए. सरकारची मान्यता नाही. सुरुवातीला विद्यार्थिनी पाच!

आता त्या पाचजणींच्या घरी काय बोलणं झालं असेल, याचा विचार करा. पैसा कर्वे दारोदार फिरून उभा करत होते, पण मान्यता नसलेल्या पदवीची जोखीम मुलींच्याच गळ्यात. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच आपलं एसएनडीटी. तरी कायद्याने मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तोवर सत्तरी ओलांडलेले कर्वे निधीसाठी युरोप, अमेरिका, जपान फिरून आले होते.

या गोष्टीत मला सगळ्यात जवळच्या वाटतात इरावती कर्वे, महर्षींच्या सूनबाई. त्यांची बी.ए. फर्ग्युसनची, १९२६ ची. पुढे पीएचडीसाठी त्या बर्लिनला गेल्या, त्या जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन. सासऱ्यांचा विरोध होता. हो, ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं त्यांचाच! परत आल्यावर त्याच विद्यापीठाच्या कुलसचिव झाल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र उभं केलं. कर्ज काढून पीएचडी करावी का, याचं एक उत्तर इथे मिळतं. पण सगळ्यांच्या ओळखीत जीवराज मेहता नसतात, हेही खरं.

मधली वर्षं पटकन सांगते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं. मग १९८३: वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि ‘डोनेशन’ हा शब्द घराघरांत गेला. १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ केल्या. तुमच्या काका-मामांना विचारा, हे शब्द त्यांना पाठ असतील. म्हणजे पेमेंट सीटवाल्याच्या फीतून शेजारच्या बाकावरच्या फ्री सीटवाल्याचा खर्च निघायचा. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ही रचना मोडली. भारती विद्यापीठ १९९६ मध्ये, सिंबायोसिस २००२ मध्ये अभिमत झालं. गेल्या दहा-बारा वर्षांत फ्लेम, एमआयटी-डब्ल्यूपीयू यांसारखी स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठं आली.

मास्तर, देणगीदार, शेजारचा विद्यार्थी... आणि आता मुख्यतः तुम्ही. सरकारही इथे हात आखडता घेतं. २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फी माफ झाली, त्यातून अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून जर्नल्स खुली झाली, ती पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांनाच. संशोधन करणाऱ्याला हे फीच्या पावतीवर दिसत नाही. एखादा पेपर उघडायला गेलं की दिसतं.

म्हणून फोनवर मी ‘घे’ किंवा ‘नको’ म्हणत नाही. जेआरएफ आहे का, हे आधी विचारते. महिना ३७,००० हातात येणार असतील तर फीचं गणितच वेगळं होतं. जेआरएफ नसेल तर विद्यापीठ स्टायपेंड देतं का, आणि देत असेल तर तो लेखी आहे का. मग लॅबमध्ये न सांगता जाऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोलायला सांगते, गाइड समोर नसताना. गाइड कायम नोकरीत आहेत की करारावर? ते गेले तर कोणाकडे सोपवतात? थिसिस लांबला तर चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षाची फी किती? हा शेवटचा आकडा ऑफिसात मागितला की बहुतेकदा ‘नंतर सांगतो’ म्हणतात. तो कागदावर घेतल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका.