सर्पगंधा, ससे आणि डोपामिन

अनावर, हिंसक झालेल्या मनोरुग्णाला शांत करण्यासाठी भारतीय वैद्य सर्पगंधेचे मूळ देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तशी नोंद केली. पश्चिमेने तिकडे पाहिले नाही. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचे रक्तदाबावरील प्रयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आले, तेव्हा कुठे जाग आली. १९५२ साली मुळातून रिसर्पिन वेगळे झाले.

१९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले. ससे निपचित पडले. एल-डोपा टोचताच पुन्हा हिंडू लागले! रिसर्पिनने मेंदूतील डोपामिनचा साठाच रिता केला होता. हे डोपामिन टिपणारे ग्राही १९७०च्या दशकात ओळखले गेले. आवेगाला लगाम घालण्यात त्यांचा वाटा मोठा.

कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. वकील यांनाही १९५७ सालीच अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला होता, पण रक्तदाबासाठी.