नरक्याचे लाकूड आणि कर्करोगाचे औषध

आंबोली, राधानगरी, कोयना या भागांतल्या सदाहरित रानात नरक्या नावाचे लहानखुरे झाड वाढते. त्याच्या उग्र वासामुळे पूर्वी त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नसे. त्याला बाजारभाव आला तो कॅम्पटोथेसिन या द्रव्यामुळे.

हे द्रव्य प्रथम हाती लागले ते एका चिनी वृक्षातून. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी 1966 मध्ये ते वेगळे करून त्याची रचना जाहीर केली. उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्याचा प्रभाव विलक्षण होता. पण ते पाण्यात विरघळेना, म्हणून रुग्णांना त्याचा सोडियम क्षार देण्यात आला. त्यात रेणूतले एक कडे उघडते आणि गुण बराचसा जातो. मूत्राशयातल्या आम्लात तेच कडे पुन्हा मिटते आणि तिथे दाह, रक्तस्राव होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

1985 मध्ये त्याच्या कार्याचा उलगडा झाला. पेशी दुभागण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते. त्या वेळी टोपोआयसोमरेज-1 हे विकर डीएनएचा एक धागा कापून पीळ सोडवते व धागा पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन ही जोडणीच अडवते. नक्कल त्या तुटीपाशी येऊन अडखळते आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशी यात सापडतात, तशा अस्थिमज्जेच्या आणि आतड्याच्या निरोगी पेशीही. म्हणूनच नरक्याची साल किंवा भुकटी घरगुती उपाय म्हणून घेणे घातक आहे. औषध झाले ते रेणूत फेरफार केल्यावर: टोपोटेकान आणि आयरिनोटेकान यांना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली.

नरक्यात हे द्रव्य भरपूर असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 मध्येच दाखवले होते. औषधांची मागणी वाढली तशी सह्याद्रीत कुऱ्हाड पडू लागली. मुळांतही द्रव्य असल्याने झाड मुळासकट उपटले जाई. मागे फुटवा फुटायला खोडही उरत नसे. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गात वनखात्याने चोरट्या लाकडाचे साठे पकडले, तरी उजाड झालेल्या जागा लवकर भरून येत नाहीत. एका झाडाची किंमत कळताच त्याची रानेच्या राने रिकामी व्हावीत, ही मोठी हानी आहे. आता रोपवाटिकांत लागवडीचे प्रयत्न होत आहेत. शिवाय नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतः कॅम्पटोथेसिन तयार करते, असे 2005 मध्ये भारतीय संशोधकांना आढळले.