विभावरी शिरूरकर म्हणजे नक्की कोण?

शेक्सपिअरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडचा चारशे वर्षांपूर्वीचा नाटककार. देवलांनी त्याच्याच नाटकावरून ‘झुंझारराव’ लिहिलं. हा हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठात न गेलेला. तो गेल्यावर दोन-अडीचशे वर्षांनी काहीजण म्हणू लागले, राजवाड्यातल्या गोष्टी याला कुठून कळणार? नाटकं कुणा बड्या माणसाची असणार! १८५७ साली डेलिया बेकन या अमेरिकन बाईंनी त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. बहुतेक अभ्यासकांनी ते मानलं नाही. त्याच्या सोबतच्या नटांनीच १६२३ साली त्याच्या नावानं नाटकं छापली होती, मग आणखी पुरावा काय हवा?

आपल्या पुण्यात मात्र उलटं घडलं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. नाव होतं, पण त्या नावाची बाई कुणाला सापडेना.

पुस्तकात होतं तरी काय? शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुली. लेकीच्या पगारावर घर चालतं, म्हणून तिच्या लग्नाचं कुणी मनावर घेत नाही. हुंडा आहे, आणि प्रेमाची, सोबतीची ओढ आहे. ती ओढ मुलगी स्वतःच्या तोंडानं बोलते, हे लोकांना झोंबलं. गहजब झाला. कुणी म्हणालं, चांगल्या घरची बाई असं लिहिणारच नाही. कुणी म्हणालं, हे पुरुषाचंच काम, नाव फक्त बाईचं. म्हणजे बघा, पुस्तकातलं दुःख खरं का खोटं हे राहिलं बाजूला, चर्चा लिहिणारीचीच.

लिहिणारी होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. जन्म १९०५. वडील घोडनदीला, म्हणजे शिरूरला मास्तर, म्हणून शिरूरकर. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकल्या आणि पुण्यातच मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्या. आता विचार करा, मुलींच्या शाळेतल्या बाईंनी हे स्वतःच्या नावानं छापलं असतं तर? नाव झाकलं त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. पुढच्याच वर्षी त्याच नावानं ‘हिंदोळ्यावर’ कादंबरी आली, ती नवरा सोडलेल्या बाईची. भ्यालेली बाई असं करते होय?

आपल्या गटात तरी वेगळं काय घडतं? एखादीनं ग्रामसभेत नीट मुद्देसूद अर्ज दिला, की पहिला प्रश्न येतो, “कुणी लिहून दिला गं?” भावानं? मास्तरांनी? तिनं म्हटलं “मीच”, तर हसतात.

खरं नाव पुढे उघड झालं. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न झालं होतं. मालतीबाईंनी सोलापूरला, सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली, आणि तिथल्या माणसांवर १९५० साली ‘बळी’ लिहिली. काटेरी तारेच्या आत डांबलेल्या कुटुंबांचं ते जगणं घरात बसून कुणाला सुचलं नसतं. माझ्या मते लेखक कोण याचा हाच पक्का पुरावा: जिनं जवळून पाहिलं, तिनंच लिहिलं. त्यांनी नाटकंही लिहिली. वडिलांवर ‘खरेमास्तर’ लिहिलं, मुलींना शिकवायला धडपडलेल्या मास्तराची ती गोष्ट, गटात मोठ्यानं वाचण्याजोगी.

तालुक्याच्या वाचनालयात विचारा. बेडेकर नावानं मिळालं नाही, तर शिरूरकर म्हणून शोधायला सांगा.