खर्चाचा वाटा आणि वर्गातील जागा : मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणविषयक कायदे

प्रस्तावना

मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळांची संख्या, विद्यार्थ्यांची संख्या आणि कायद्यांची सनावळी या अंगाने सांगितला जातो. या सनावळीच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. शाळेच्या खर्चाचा भार जो उचलतो, त्याला वर्गात कोणी बसावे आणि कोणी बसू नये हे ठरविण्याचा अधिकार मिळतो काय? प्रस्तुत निबंधात १८५८ च्या सरकारी ठरावापासून १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यापर्यंतच्या प्रमुख तरतुदींचा या प्रश्नाच्या अनुषंगाने परामर्श घेतला आहे.

धारवाडचे प्रकरण आणि १८५८ चा ठराव

जून १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. मुलावर अन्याय होत आहे हे सरकारला तत्त्वतः मान्य होते. तथापि एका मुलासाठी त्याला सवर्ण विद्यार्थ्यांत बसविल्यास ती शाळा बहुसंख्य जनतेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरेल, अशी भूमिका घेऊन सरकारने हस्तक्षेप टाळला. हे प्रकरण कलकत्त्यापर्यंत आणि पुढे लंडनमधील संचालक मंडळापर्यंत गेले.

यातून जे धोरण जाहीर झाले ते बारकाईने वाचण्याजोगे आहे. ज्या शाळा संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात त्या सर्व जातींना खुल्या राहतील, असे सरकारने ठरविले. ज्या शाळांच्या खर्चात स्थानिक वर्गणीदारांचा वाटा आहे, तेथे मात्र वर्गणीदारांची हरकत असल्यास कनिष्ठ मानलेल्या जातींची मुले घालण्याचा सरकारचा इरादा नव्हता. अशा शाळांचे अनुदान नाकारण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला, परंतु तो हक्क बजावणे ही निराळी गोष्ट होती. वर्गणी देणाऱ्याला येथे जणू नकाराधिकारच मिळाला. पुढे १८८२ च्या हंटर आयोगाने सर्वांना प्रवेशाच्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. मात्र त्याची अंमलबजावणी सावधपणे व्हावी आणि गरज असेल तेथे स्वतंत्र शाळा काढाव्यात, अशी जोडही दिली. स्वतंत्र शाळांच्या वाटेमुळे सामायिक वर्गाचा प्रश्न टाळणे प्रशासनाला सोयीचे झाले.

शाळेत प्रवेश मिळाला तरी वर्गात स्थान मिळेलच असे नव्हते. शतकाच्या अखेरीस साताऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि त्या गोणपाटाला शाळेचा झाडूवालाही शिवत नसे.

कर देणारा आणि शिकणारा

वर्गणीचा हा युक्तिवाद खरा मानला तर त्याचा पहिला लाभ शेतकऱ्याला मिळायला हवा होता. १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा या दराने लोकल फंड वसूल होऊ लागला आणि त्याचा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. म्हणजे शाळेचा मोठा वर्गणीदार कुणबी रयतच होती. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले. सरकारी उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि ते वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होते, असा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी केली. वरिष्ठ वर्गणीदाराची हरकत ऐकणाऱ्या सरकारने या वर्गणीदाराची मागणी मात्र मनावर घेतली नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकात सक्ती स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोपविली होती. जेथे मुलांची ठराविक प्रमाणात उपस्थिती आधीच असेल तेथेच ती लागू व्हावयाची होती, आणि खर्चाचा एक-तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने व दोन-तृतीयांश सरकारने उचलावा असे गोखल्यांनी सुचविले होते. इतके सौम्य विधेयकही मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात झालेला कायदा त्याच घडणीचा होता. तो नगरपालिकांपुरता मर्यादित आणि ऐच्छिक होता. खेड्यांना, म्हणजे लोकल फंड भरणाऱ्या रयतेला, त्याचा उपयोग नव्हता.

करवीर संस्थानातील निराळी वाट

याच सुमारास कोल्हापुरात घडलेली घटना म्हणूनच उठून दिसते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला होता. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली येथे त्यानुसार पहिली शाळा सुरू झाली. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. ती कठोर वाटेल. पण फी माफ असल्यामुळे शाळेत पाठविण्याचा खर्च हे कारण त्या पालकापाशी उरत नव्हते.

अभ्यासकांचे लक्ष सक्तीच्या कायद्यावर जितके जाते तितके १९१९ च्या आदेशावर जात नाही. या आदेशाने शाहू छत्रपतींनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वसामान्य शाळांत घेण्याचे फर्मान काढले. १८५८ च्या ठरावाने ज्या जागी माघार घेतली होती, बरोबर तेथेच हा आदेश पुढे गेला. संस्थानात हे शक्य झाले याचे श्रेय राजाच्या इच्छाशक्तीला आहेच. त्याखेरीज, शाळा दरबारच्या असल्याने वर्गात कोणी बसावे यावर स्थानिक वर्गणीदाराला दरबारपेक्षा वरचढ हक्क सांगता येत नव्हता.

१९२३ चा कायदा आणि त्यावरील आक्षेप

द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हे सोपीव खाते झाले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा संमत झाला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्या स्कूल बोर्डांकडे सोपविला. सक्तीच्या मंजूर योजनेमुळे वाढणाऱ्या आवर्ती खर्चापैकी नगरपालिकांना निम्मा आणि लोकल बोर्डांना दोन-तृतीयांश हिस्सा सरकार देणार होते. कागदावर ही विभागणी उदार होती. अडचण अशी की वाढीव खर्चाचा उरलेला हिस्सा उभारण्याची ऐपत गरीब जिल्ह्यांत नव्हती, योजनेला सरकारची पूर्वमंजुरी लागे, आणि शिक्षण मंत्र्याकडे असले तरी तिजोरीच्या किल्ल्या राखीव खात्यात होत्या. १९३० नंतरच्या मंदीत तर अनुदानालाच कात्री लागली.

मुंबई कायदे कौन्सिलात मार्च १९२७ मध्ये बोलताना डॉ. आंबेडकर यांनी हिशोबच मांडला. सरकार दरडोई शिक्षणावर सुमारे १४ आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक मिळविते. जितके अबकारीतून घेतले जाते तितके तरी शिक्षणावर खर्च व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

त्याहून महत्त्वाचा आक्षेप १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात आहे. प्राथमिक शिक्षण कायदा रद्द करून स्कूल बोर्डांकडे होणारे हस्तांतर थांबविले नाही तर अस्पृश्यांच्या शिक्षणाला मोठा धक्का बसेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. स्थानिक स्वराज्य हे लोकशाहीचे पहिले पाऊल मानण्याच्या काळात ही मागणी प्रतिगामी वाटण्याचा संभव होता. परंतु धारवाडचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवल्यास तिचा अर्थ उलगडतो. त्याच निवेदनात धारवाडच्या प्रकरणाचा कागदोपत्री आढावा घेतलेला आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. स्थानिक बोर्ड म्हणजे गावातील वजनदार मंडळी. त्यांच्या हाती शाळा देणे म्हणजे जुन्या वर्गणीदाराला नव्या नावाने पुन्हा गादीवर बसविणे होते.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून तपासणीचे काम सरकारकडे परत घेतले आणि स्कूल बोर्डांचे प्रशासन अधिकारी सरकारी नोकर केले. स्थानिक संस्थांच्या अधिकारावर घाला म्हणून त्यावर टीका झाली, पण पुढील धोरण त्याच दिशेने गेले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सार्वत्रिक, मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे धोरण राबविणे हे सरकारचे कर्तव्य म्हणून घोषित केले, अर्थात टप्प्याटप्प्याने. जिल्हा स्कूल बोर्डांची ही व्यवस्था १९६२ मध्ये जिल्हा परिषदा येईपर्यंत टिकली.

खर्च आणि प्रवेश यांची जुनी गाठ शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये वेगळ्या रूपात दिसते. या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या आणि त्यांच्या खर्चाची प्रतिपूर्ती शासनावर सोपविली. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली.