साखरेचा घोडा : १६०० सालच्या एका विवाहभोजनाची कथा



इतिहास म्हटला की या व्यासपीठावर लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांची चर्चा व्हावयाची, अशी आपली सवय आहे. आजचा विषय ऐकून माझ्या एका स्नेह्यांनी मला विचारले, "लग्नाच्या जेवणाची टेबले कशी मांडली होती, हा काय व्याख्यानाचा विषय झाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु एखादे घराणे कोणत्या गोष्टीचा अभिमान मिरवते आणि कोणती गोष्ट झाकू पाहते, हे दरबारी कागदांपेक्षा त्याच्या पंगतीत अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे. त्याच्या समर्थनार्थ मी एकच उदाहरण घेणार आहे.

स्थळ इटलीतील फ्लॉरेन्स नगर. दिवस ५ ऑक्टोबर १६००. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात आपल्याकडे चांदबिबीच्या मृत्यूनंतर अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला होता, आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळावयाची होती. आपल्याकडे शरद ऋतूत चातुर्मास चालू असतो. तुळशीचे लग्न लागल्यावाचून माणसांची लग्ने लागत नाहीत. तिकडे तसा निर्बंध नव्हता.

वधू मारिया दे मेदिची. वय २५ वर्षे, म्हणजे त्या काळच्या राजकन्यांच्या मानाने बरेच. वर फ्रान्सचा राजा चौथा हेन्री. आदल्याच वर्षी त्याचा पहिला विवाह धर्मपीठाने रद्द ठरवला होता. मात्र हा वर लग्नाला हजर नव्हता. तो सव्हॉयच्या ड्यूकशी युद्ध करण्यात गुंतला होता. आपल्याकडे वराच्या जागी त्याचा खांडा पाठवून लग्न लावण्याची चाल होती. तिकडे खांड्याऐवजी प्रतिनिधी उभा करीत. नवरदेवाच्या जागी उभे राहिले वधूचे चुलते, तस्कनीचे ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो, आणि पोपचे पुतणे कार्डिनल आल्दोब्रांदिनी यांनी फ्लॉरेन्सच्या मुख्य मंदिरात विवाह लावला.

आता या सोयरिकीचे मर्म पाहा. मेदिची हे मूळचे पेढीवाले. हेन्रीने धर्मयुद्धांच्या काळात त्यांच्याकडून मोठी कर्जे काढली होती. हुंडा ठरला सहा लाख सुवर्णमुद्रांचा. पैकी काही रोख आणि बाकीचे कर्जाच्या वजावटीत. सावकाराची मुलगी ऋणकोच्या घरी पडली आणि चोपडीतली एक मोठी बाकी फिटली, असा हा व्यवहार होता. पण जगासमोर व्यवहार मांडावयाचा नव्हता. वैभव मांडावयाचे होते. त्यासाठी त्या संध्याकाळी पालात्सो वेक्यो या राजवाड्यातील प्रचंड दालनात मेजवानीची टेबले मांडली गेली.

या मेजवानीचे तपशीलवार वर्णन त्याच वर्षी छापून प्रसिद्ध झाले. लिहिणारा मिकेलआंजेलो बुओनारोती; पण सुप्रसिद्ध शिल्पकार नव्हे, त्याच्या पुतण्याचा मुलगा. सजावटीची सूत्रे बेर्नार्दो बुओन्तालेन्ती या सत्तरीच्या घरातील वास्तुशिल्पज्ञाकडे होती. किल्ले बांधणारा, कालवे काढणारा, रंगभूमीवर ढग उतरवणारा हा गृहस्थ. दालनात त्याने सोन्या-रुप्याच्या भांड्यांची एक भव्य मांडणी उभी केली. तिचा आकार होता लिलीच्या फुलाचा. लिली हे फ्रान्सच्या राजघराण्याचे चिन्ह आणि फ्लॉरेन्स नगराचेही. एका आकारात दोन्ही पक्षांचा मान राखला गेला. कोणाचे नाव आधी घ्यावयाचे, हा लग्नघरातला सनातन पेच बुओन्तालेन्तीने असा सोडवला! भोजन चालू असताना जूनो आणि मिनर्व्हा या दोन देवींचा गाता संवादही झाला.

टेबलांवर दोन प्रकारच्या वस्तू पाहुण्यांचे लक्ष वेधून घेत होत्या. पहिली म्हणजे कापडाच्या घड्या. तागाच्या हातरुमालांना बारीक चुण्या घालून त्यांतून नाना आकृती उभ्या करण्याची विद्या त्या काळी इटलीत फार पुढे गेली होती. दुसरी वस्तू म्हणजे साखरेच्या मूर्ती. इटालियन लोक त्यांना 'त्रिओन्फी' म्हणत. त्रिओन्फो म्हणजे विजयोत्सव. जाम्बोलोन्या हा त्या काळचा युरोपातील अग्रगण्य शिल्पकार. त्याच्या नमुन्यांवरून त्याचा शिष्य पिएत्रो ताक्का याने या मूर्ती साखरेत उतरवल्या. शिष्य होता तेवीस वर्षांचा, गुरू एकाहत्तर वर्षांचा. मूर्तींत स्वतः हेन्री राजाही होता, साखरेच्या घोड्यावर स्वार झालेला. लग्नाला न आलेला नवरदेव अशा रीतीने पंगतीला मात्र हजर झाला.

हे काम कसे होत असे, ते आपल्याला समजावयास कठीण नाही. साखर वस्त्रगाळ कुटावयाची, गुलाबपाण्यात भिजवलेला डिंक घालून ती कणकेसारखी मळावयाची, आणि साच्यात दाबून आकार काढावयाचा. किंवा कढत पाक साच्यात ओतून तो निवू द्यावयाचा. पाडव्याला गुढीवर चढणाऱ्या साखरेच्या गाठी आपल्याकडे पाक साच्यात ओतूनच करतात. फरक एवढाच, की फ्लॉरेन्समध्ये काशाच्या पुतळ्यांसाठी घडवलेले नमुने साखरेसाठी वापरले गेले. २०१५ साली फ्लॉरेन्समधील पित्ती राजवाड्यात या मेजवानीतील साखरेची शिल्पे आणि रुमालांच्या घड्या पुन्हा करून त्यांचे प्रदर्शन मांडले गेले होते.

श्रोतेहो, या साखरेपाशी क्षणभर थांबावे लागते, कारण येथे आपला संबंध येतो. साखरेसाठी इटालियन शब्द आहे 'त्सुक्केरो'. तो अरबी 'सुक्कर'वरून आला, त्याच्यामागे फारसी 'शकर' आणि त्याच्याही मागे आपली संस्कृत 'शर्करा'. खडीसाखरेतील 'खंड' असाच प्रवास करीत युरोपात पोहोचला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूळ, खंड आणि शर्करा यांची वेगवेगळी नोंद आहे. शब्द आपला आणि मूळ कृतीही आपल्याकडची, याचा कोणाला अभिमान वाटला तर त्यात गैर नाही.

पण केवळ अभिमान बाळगून उठलो तर आपण अर्धाच इतिहास वाचला असे होईल. १६०० साली युरोपच्या बाजारात येणारी बहुतेक साखर अटलांटिक महासागरातील बेटांवरून आणि मुख्यतः पोर्तुगीजांच्या ताब्यातील ब्राझीलमधून येत असे. तेथील उसाचे मळे आणि घाणे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत. हंगामात घाणे रात्रंदिवस फिरत. ऊस सरकवताना झोपेने डोळा लागला तर हात चरकात जाई. बुओनारोतीच्या वर्णनात वधूचा थाट आहे, मूर्तींचे सौंदर्य आहे, मानकऱ्यांची दाटी आहे. ज्या साखरेची ती शिल्पे झाली, ती पिकवणाऱ्या आणि कढवणाऱ्या माणसांबद्दल त्यात अक्षर नाही. लेखकाला मी दोष देत नाही. टेबलाच्या कडेपलीकडे पाहावयाचे नाही, हा अशा वर्णनांचा नियमच असतो. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने मात्र तो नियम पाळता कामा नये.

आता या मंडळींचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, पित्ती राजवाड्यात याकोपो पेरीचे 'एउरिदीचे' हे संगीत नाटक झाले. ज्याचे संगीत आज उपलब्ध आहे असा हा सर्वांत जुना ऑपेरा. मूळ कथेत नायक पत्नीला कायमचा गमावतो. लग्नाचा प्रसंग म्हणून येथे शेवट गोड करण्यात आला. मारियाच्या आयुष्याचा शेवट मात्र कोणाला गोड करता आला नाही. डिसेंबरात लियों येथे तिची आणि नवऱ्याची प्रथम भेट झाली. पुढच्या सप्टेंबरात तिला मुलगा झाला, तो पुढचा तेरावा लुई. १६१० साली हेन्रीचा भर रस्त्यात खून झाला. मारियाने काही वर्षे मुलाच्या नावाने राज्य चालवले, मग मुलाशीच तिचे वैर झाले. १६३१ साली ती फ्रान्समधून निघाली ती परत आली नाही. १६४२ साली कोलोन येथे परमुलखात ती वारली.

आणि घोडा? साखरेचा घोडा राहिला नाही हे सांगावयास नको. परंतु मारियाने नवऱ्याचा अश्वारूढ पुतळा काशातही करविला. काम पुन्हा जाम्बोलोन्याकडेच गेले. १६०८ साली तो वारल्यावर ताक्काने ते पुरे केले, आणि १६१४ साली पॅरिसमधील पाँ नफ या पुलावर पुतळा उभा राहिला. या वेळी घोडा टिकाऊ धातूचा होता. १७९२ साली क्रांतिकारकांनी तो पाडून वितळवला. त्याचे थोडे तुकडे पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. आज पुलावर दिसतो तो १८१८ साली बसवलेला दुसरा पुतळा.

यावरून सर्व शोभा व्यर्थ आहे असा वैराग्याचा उपदेश मला करावयाचा नाही. लग्नघरी चार फुले लावावीत, ताटाभोवती रांगोळी काढावी, हे माणसाला शोभणारेच आहे. आपल्या रुखवतातही मुलीच्या आईचे, आत्याचे, मावशीचे कसब मांडलेले असते, आणि ते पाहताना मला नेहमी आनंद होतो. माझे म्हणणे निराळे आहे. फ्लॉरेन्सच्या त्या टेबलांवर तीन गोष्टी होत्या. कलावंतांचे कौशल्य सर्वांना दिसत होते. दोन घराण्यांतील देण्याघेण्याचा हिशोब जाणत्यांनाच दिसत होता. आणि दूरच्या श्रमिकांचे दुःख कोणालाच दिसत नव्हते. कौशल्याचे वर्णन छापले गेले, हिशोब दप्तरात राहिला, दुःखाची नोंद करावयास पंगतीत कोणी बसलेले नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येत्या लग्नसराईत कार्य असेल. स्वागतसमारंभाची टेबले कशी मांडावयाची, फुले कोणती, रोषणाई किती, याचा खल चालू असेल. तो अवश्य करावा. मात्र त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. हा खर्च कोणाच्या नावावर कर्ज म्हणून पडणार आहे? आणि रात्री उशिरा, पाहुणे गेल्यावर, ही टेबले उचलणाऱ्या माणसांनी जेवावयाचे केव्हा? यांची उत्तरे ज्या घरात मोकळेपणाने देता येतील, त्या घरच्या मांडवातली फुले अधिक शोभतील, असे मला वाटते.