लेवा मॅरेथॉन : गेंड्यांच्या रानातली धाव

केनियातील लेवा हे पूर्वी गुरांचं मोठं कुरण, आता राखीव रान. तिथं गेंडे, हत्ती, सिंह मोकळे फिरतात. याच रानात टस्क ट्रस्ट व लेवा संस्थेने २००० साली ही शर्यत सुरू केली. ती साधारण जूनअखेरीस होते. वाट सगळी मातीची. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,७०० मीटर, त्यामुळे दम लवकर लागतो. एक फेरा २१ किलोमीटरचा. पूर्ण मॅरेथॉनला तोच दोनदा. जनावरं वाटेत येऊ नयेत म्हणून हेलिकॉप्टर आणि बंदूकधारी रक्षक नजर ठेवतात. जमलेला पैसा वन्यजीव रक्षणासोबत आसपासच्या गावांतील शाळा, दवाखाने व पाण्याच्या कामांना जातो. रानाशेजारच्या माणसाला रानातून काही मिळालं तरच तो जनावर राखील, हा यामागचा साधा हिशेब.